छात्राध्यापकांनी दिव्यांग व्यक्तींसोबत काम करत समावेशक शिक्षण कसे शिकावे

बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या छात्राध्यापकांच्या अभ्यासक्रमात समावेशक शिक्षणाचा विषय असतो, त्यावर परीक्षेत प्रश्न येतात, आणि प्रात्यक्षिक म्हणून बहुतेक महाविद्यालये एखाद्या विशेष शाळेची एक दिवसाची भेट ठरवतात. सकाळी बस निघते, शाळेतील मुले स्वागतगीत म्हणतात, केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटले जातात, शाळेच्या फलकासमोर सामूहिक छायाचित्र निघते, आणि पुढच्या आठवड्यात जवळजवळ एकाच मजकुराचे अहवाल जमा होतात. या भेटीतून छात्राध्यापकाला फार तर एवढे कळते की अशी मुले वेगळ्या इमारतीत शिकतात आणि त्यांच्या शिक्षकांकडे पुष्कळ संयम असतो. उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याच्या स्वतःच्या वर्गात अल्पदृष्टी असलेली एखादी मुलगी आली, तर फळ्यावरचे गणित तिच्यापर्यंत कसे पोहोचवायचे, याचे उत्तर त्या भेटीत मिळत नाही.

त्या भेटीऐवजी निदान एक सत्रभर चालणारे काम कसे उभे करावे, त्यात काय करावे, काय टाळावे आणि त्यातून हाती आलेले आपल्या पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) कसे उतरवावे, याविषयी हे मार्गदर्शन आहे. ते मुख्यतः छात्राध्यापकांना उद्देशून लिहिले असून एक भाग मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी आहे.

कायदा काय अपेक्षितो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. या कायद्यात ते २१ झाले. छात्राध्यापक हे २१ प्रकार परीक्षेसाठी पाठ करतात, आणि त्यात गैर काही नाही. वर्गात मात्र त्या यादीपेक्षा याच कायद्यातील समावेशक शिक्षणाची व्याख्या अधिक उपयोगी पडते. दिव्यांग असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतील, हा व्याख्येचा पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहतो. निरनिराळ्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार अध्यापन आणि अध्ययनाची पद्धत बदललेली असेल, हा दुसरा भाग वाचताना निसटतो. पहिला भाग शाळेच्या प्रवेशपुस्तिकेत पूर्ण होतो, दुसरा शिक्षकाला रोज पूर्ण करावा लागतो, आणि तो कसा करायचा हे शिकण्यासाठीच पुढील सारा खटाटोप आहे.

काम प्रौढांसोबत का करावे

छात्राध्यापकांना मुलांना शिकवायचे असते, म्हणून समाजकार्यही मुलांसोबतच करावे असे त्यांना वाटते. माझा आग्रह उलटा आहे. सुरुवात प्रौढ दिव्यांग व्यक्तींसोबत करावी, कारण शाळेत आपले काय अडत होते हे सांगण्याइतके अंतर आणि शब्द त्यांच्याकडे असतात. गावच्या साध्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली अंध व्यक्ती सांगू शकते की भूगोलाच्या तासाला तिला मागच्या बाकावर शांत बसायला सांगितले जाई, भूमितीचा विषय सोडायला लावला होता, आणि एका शिक्षकांनी सुतळीने काढलेला त्रिकोण मात्र तिला आजही आठवतो. दुसऱ्या इयत्तेतल्या मुलाकडून हे ऐकायला मिळणार नाही, आणि त्याच्याकडून ते काढून घेण्याचा प्रयत्न करणेही योग्य नाही.

दुसरे कारण नात्याचे आहे. मुलासमोर छात्राध्यापक आपोआप ‘सर’ किंवा ‘मॅडम’ होतो. चाळीस वर्षांच्या, स्वतःचे घर चालवणाऱ्या कर्णबधिर शिंप्यासमोर त्याला शिकणाराच व्हावे लागते. ज्याला मदत करायची असे आपण धरून चाललो होतो, त्याच्याकडून रीतसर काहीतरी शिकावे लागणे, हा अनुभव या कामातून प्रत्येकाला मिळालाच पाहिजे असे मी मानतो.

संस्था आणि काम निवडताना

मोठ्या शहरांत नावाजलेल्या संस्था आहेत. मुंबईत १९४४ साली स्थापन झालेली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जय वकील ही संस्था आहे, १९५२ पासून अंधांसाठी काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, बांद्र्याला वाक् व श्रवण दिव्यांगत्वाच्या क्षेत्रातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. गोव्यात लोकविश्वास प्रतिष्ठानच्या दिव्यांग मुलांसाठीच्या शाळा आहेत. कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केली. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात. दिव्यांग व्यक्तींच्या हाती निर्णय असलेली संस्था मिळाली तर ती पहिल्या पसंतीची समजावी, कारण तिथे छात्राध्यापकाला सूचना देणारी व्यक्तीच दिव्यांग असते आणि नाते पहिल्याच दिवशी योग्य जागी बसते.

अशा संस्थांकडे महाविद्यालयांची रीघ लागलेली असते, तेव्हा तालुक्यात शोध घेणे अधिक शहाणपणाचे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात; त्यांना गावोगावची माहिती असते. अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांना तर घरे ठाऊक असतात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित असल्याने ग्रामपंचायतीकडे सहसा गावातील दिव्यांगांची यादी असते. ती यादी मागू नये, तिचा फोटो तर मुळीच काढू नये. आपले नाव आणि फोन क्रमांक द्यावा, काय काम करायचे आहे ते सांगावे, आणि ज्यांना इच्छा असेल त्यांनी संपर्क साधावा असा निरोप पाठवण्याची विनंती करावी.

काम ठरवताना संस्थेला किंवा व्यक्तीला एकच प्रश्न विचारावा: आम्ही आलो नाही तर तुमचे काय अडेल? उत्तर ‘काही नाही, पण या, मुलांना बरे वाटेल’ असे आले, तर ते काम घेऊ नये. अडणारी कामे पुष्कळ असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अंध उमेदवारांना पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून हवी असतात. सराव परीक्षांना लेखनिक, म्हणजे उमेदवार सांगेल ते उत्तर लिहून देणारे, मिळत नाहीत. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) अर्ज ऑनलाइन भरताना कागदपत्रांवर गाडी अडते. प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या कार्यशाळांत दिवाळीपूर्वी पणत्या, आकाशकंदील आणि मेणबत्त्यांच्या मागण्या येतात आणि हात कमी पडतात. गावातील शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत कार्यालय व्हीलचेअरवरून गाठता येते का, हे मोजपट्टी घेऊन तपासणारे कोणी नसते. यांपैकी एकच काम घ्यावे आणि सत्र संपेपर्यंत आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जावे. चार संस्थांना एकेक भेट देण्यापेक्षा एका व्यक्तीसोबत तीन महिने काम केल्याने अधिक कळते.

पहिल्या दिवसापूर्वी

काही रीतिभाती आधीच माहीत असाव्यात. प्रौढ व्यक्तीला ‘अहो’ म्हणावे. हे सांगावे लागू नये, पण लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या तीस वर्षांच्या गृहस्थांना ‘काय रे बाळा, जेवलास का’ असे विचारणारे छात्राध्यापक दरवर्षी दिसतात. सोबत आई किंवा भाऊ असला तरी प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीला एक वाक्य बोलायला वेळ लागू शकतो. तिचे वाक्य आपण पूर्ण करू नये, आणि समजले नसेल तर समजल्यासारखी मान डोलावू नये. ‘समजले नाही, पुन्हा सांगाल का’ असे म्हणण्यात काहीही अपमान नाही. ‘जन्मापासूनच का?’ हा प्रश्न विचारू नये. ती माहिती द्यायची की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवावे.

अंध व्यक्तीला वाट दाखवताना तिचा हात धरून ओढू नये किंवा पाठीला हात लावून ढकलू नये. आपला कोपर पुढे करावा, ती कोपराच्या वर धरेल, आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरी आली की ‘पायरी’ एवढेच न म्हणता ‘पायरी वर’ किंवा ‘पायरी खाली’ असे म्हणावे. खोलीतून बाहेर जाताना सांगून जावे, नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. व्हीलचेअरला न विचारता हात लावू नये, तिच्यावर पिशवी टांगू नये, आणि बोलणे लांबणार असेल तर खुर्ची ओढून समोर बसावे. कर्णबधिर व्यक्तीचे लक्ष वेधायला खांद्यावर हलकेच थाप मारावी किंवा दिव्याचे बटण एकदा चालू-बंद करावे. चेहऱ्यासमोर हात आणून बोलू नये आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. मागून उजेड आला की बोलणाऱ्याचा चेहरा काळोखात जातो.

काही महाविद्यालयांत पूर्वतयारी म्हणून छात्राध्यापकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना मैदानात चालायला लावतात. हा प्रकार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी बांधलेल्या माणसाला अंधत्वाची पहिली पंधरा मिनिटे कळतात: भीती, अडखळणे, हताशपणा. वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य, पांढऱ्या काठीचा आवाज ऐकून भिंत ओळखणे, रिक्षा कोणत्या वळणावर आहे हे रस्त्याच्या खडबडीतपणावरून सांगणे, यांतले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. पट्टी सोडताना तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि मनात दया घेऊन वर्गात येतो. दयेतून चांगले अध्यापन घडत नाही.

लेखनिकाचे काम: एक उदाहरण जवळून

या सर्व कामांमध्ये छात्राध्यापकाला सर्वांत अधिक शिकवणारे काम, माझ्या अनुभवाप्रमाणे, सराव परीक्षेत लेखनिक होण्याचे आहे. प्रत्यक्ष परीक्षेत लेखनिक कोण असावा याचे नियम असतात; उमेदवार स्वतःचा लेखनिक आणतो तेव्हा त्याची शैक्षणिक पात्रता ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असावी असे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे पदवीधर छात्राध्यापक दहावीच्या परीक्षेला लेखनिक म्हणून बसू शकत नाही. सरावाला मात्र बसू शकतो, आणि सरावच कमी पडत असतो. परीक्षेत ताशी किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ मिळतो. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला चार तास. हा वेळ जास्त वाटतो, पण लेखनिकाच्या खुर्चीवर बसले की तो कुठे जातो हे दिसते.

प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्यापासून सुरुवात होते. बहुपर्यायी प्रश्न वाचताना योग्य पर्यायावर नकळत जोर पडतो, आणि सराव करणारा विद्यार्थी तो पकडतो. सपाट, सारख्या आवाजात वाचणे हे कौशल्य आहे आणि ते जमायला दोन-तीन प्रश्नपत्रिका जातात. जोड्या लावायच्या असतील तर दोन्ही स्तंभ डोक्यात ठेवून उत्तर द्यायचे असते. डोळस विद्यार्थी ज्या पानाकडे दहा वेळा नुसते पाहतो, ते पान या विद्यार्थ्याला दहा वेळा वाचून हवे असते. ‘आकृतीचे निरीक्षण करून उत्तरे लिहा’ असा प्रश्न आला की लेखनिकाने काय करायचे? आकृतीचे वर्णन केले तर उत्तरच सांगून होते, न केले तर प्रश्न सुटत नाही.

गणितात याहून अधिक गंमत होते. विद्यार्थी सांगतो, ‘क्ष वर्ग अधिक य भागिले दोन’. लेखनिकाचा हात थांबतो. सगळ्याला दोनने भागायचे की फक्त य ला? डोळ्यांना हा प्रश्नच पडत नाही, कारण भागाकाराची आडवी रेघ किती लांब आहे हे दिसत असते. कानाला रेघ दिसत नाही. सरावलेला विद्यार्थी म्हणतो, ‘कंस सुरू, क्ष वर्ग अधिक य, कंस पूर्ण, भागिले दोन’. हे वाक्य एकदा हाताने लिहून घेतले की छात्राध्यापकाला स्वतःचा फळ्यासमोरचा पाठ आठवतो. ‘हे इकडे नेले, यातून हे गेले, मग हे असे आले’ असे म्हणत आपण जे उदाहरण सोडवतो, त्यातून अंध विद्यार्थ्याला काय मिळत असेल? आणि खरे म्हणजे, मागच्या बाकावरून फळा नीट न दिसणाऱ्या, चष्मा लागला आहे हे अजून घरी न कळलेल्या मुलालाही काय मिळत असेल? लेखनिकाचे काम केलेला छात्राध्यापक फळ्यावर लिहिलेले प्रत्येक पद उच्चारतो. ही सवय व्याख्यान ऐकून लागत नाही, सराव परीक्षेच्या खुर्चीत लागते.

नोंदवही कशी ठेवावी

प्रत्येक वेळी परतल्यावर त्याच दिवशी अर्धे पान लिहावे. ‘आज मला खूप प्रेरणा मिळाली’, ‘त्यांची जिद्द पाहून डोळे पाणावले’ अशी वाक्ये आली तर ती खोडावीत. भावना खोट्या असतात असे नाही, पण त्या नोंदीची जागा अडवतात. नोंदीत चार गोष्टी असाव्यात: काय अडले, ते कशामुळे अडले, कोणी कसे सोडवले, आणि माझ्या वर्गात हे कुठे अडेल. कशामुळे अडले याचे उत्तर लिहिताना व्यक्तीच्या शरीराकडे बोट दाखवण्याआधी वस्तू, जागा, वेळ आणि पद्धत यांच्याकडे पाहावे.

उदाहरणादाखल एक नोंद अशी असू शकते. अंध उमेदवाराला इतिहासाच्या टिपणांची पीडीएफ ऐकायची होती. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) होता, मराठी आवाजही होता. तरी फाइल उघडल्यावर नुसती अर्थहीन अक्षरे ऐकू आली. टिपणे युनिकोडमध्ये नसून जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली होती. पडद्यावर ती मराठी दिसत होती, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच होती. त्या उमेदवारानेच फाँट ओळखला आणि परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणायला सांगितले. माझ्या वर्गात: मी तयार केलेली प्रत्येक प्रश्नपत्रिका आणि टिपण युनिकोडमध्ये टंकायचे, आणि पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवून ‘नोट्स दिल्या’ असे समजायचे नाही. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, याचीही माहिती अशा प्रसंगी कामातूनच होते.

दुसरी नोंद कार्यशाळेतली. बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ मेणबत्त्यांची पाकिटे भरत होते, एका पाकिटात दहा. काहींना दहापर्यंत मोजता येत नव्हते, तरी पाकिटे बिनचूक भरत होती. प्रत्येकापुढे दहा खाचा असलेली एक फळी होती. सगळ्या खाचा भरल्या की फळी पाकिटात रिकामी करायची. छात्राध्यापकाला वाटले होते की त्याने त्यांना मोजायला शिकवावे. निदेशिका म्हणाल्या, ‘मोजणे शिकवूच, पण त्यासाठी यांचा रोजगार थांबवू नका.’ या एका वाक्यात पाठ टाचणाचा मोठा विषय दडला आहे: जे कौशल्य आज शिकवायचे नाही, त्याच्या अभावी मुलाला आजच्या पाठाबाहेर ठेवू नये. वाचन अडखळणाऱ्या मुलाला परिसर अभ्यासाचा प्रयोग करता येतो. पाढे न येणाऱ्या मुलाला, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवला तर, शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची हे ठरवता येते.

कर्णबधिर व्यक्तींसोबत काम करताना

इथे छात्राध्यापक सर्वांत अधिक गोंधळतात, कारण समोरची व्यक्ती धडधाकट दिसते आणि संवाद होत नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठीचे हातांनी केलेले रूप नव्हे. तिच्यात प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतो, आणि भुवया, मान व चेहरा हे व्याकरणाचाच भाग असतात. २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने सुमारे १०,००० संज्ञांचा कोश तयार केला असून त्याच्या चित्रफिती ऑनलाइन पाहता येतात. चित्रफितींवरून शब्द शिकता येतात, संभाषण माणसांकडूनच शिकावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णबधिर प्रौढांची मंडळे असतात, त्यांच्या क्रिकेटच्या स्पर्धा आणि मेळावे असतात. तिथे गुणलेखन, नोंदणी, ध्वनिक्षेपकावरच्या सूचना फलकावर लिहिणे अशी कामे मागून घ्यावीत.

कर्णबधिर व्यक्तीच्या व्हॉट्सॲप संदेशात विभक्तीचे प्रत्यय गळालेले किंवा क्रियापदे चुकलेली दिसली, तर ती व्यक्ती कमी शिकलेली आहे असा निष्कर्ष काढू नये. जी भाषा कानावर पडलेली नाही ती लिहिणे किती कठीण असते याचा तो पुरावा आहे, आणि वर्गातल्या कर्णबधिर मुलाच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेकडे पाहताना शिक्षकाला तो आठवला पाहिजे. आशय आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे पाहण्याची दृष्टी इथून येते.

पाठ टाचणात उतरवणे

एवढे काम करूनही आंतरवासितेतील (शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळातील) टाचणे पूर्वीसारखीच राहिली, तर काम वाया गेले. ‘समावेशक कृती’ असा वेगळा रकाना टाचणाच्या शेवटी जोडण्याची पद्धत काही ठिकाणी रुजली आहे. त्या रकान्यात ‘दिव्यांग विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष देईन’ असे लिहून सगळे मोकळे होतात. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर विचारावे, की ही पायरी पाहूनच कळणारी आहे का, ऐकूनच कळणारी आहे का, किंवा भरभर लिहूनच पूर्ण होणारी आहे का. असेल तर तिथेच दुसरी वाट लिहावी.

महाराष्ट्रातील नद्यांचा पाठ घेऊ. नकाशा हा पाहण्याचाच प्रकार, म्हणून पुठ्ठ्यावर स्पर्शनकाशा करायचा: सह्याद्रीसाठी जाड सुतळी, गोदावरी, भीमा आणि कृष्णा यांच्यासाठी लोकरीचा धागा, त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर आणि महाबळेश्वर या उगमांच्या जागी मणी. वर्गात नेण्यापूर्वी हा नकाशा ज्या अंध व्यक्तीसोबत तुम्ही काम करता तिला दाखवावा. बहुधा ती सांगेल की एवढ्या सगळ्या गोष्टी एका पुठ्ठ्यावर नकोत. बोट एका वेळी एकच जागा वाचते, डोळ्यांसारखे एका झटक्यात सगळे पाहत नाही. एका पुठ्ठ्यावर डोंगर, दुसऱ्यावर नद्या. राज्याच्या सीमेची रेघ आणि नदीचा धागा बोटाला वेगळा लागला पाहिजे, म्हणून सीमेला वाळूची कड करा. मग हा नकाशा वर्गात सगळ्यांनाच हाताळू द्यावा. डोळस मुलांनाही सह्याद्री आडवा येतो म्हणून या नद्या पूर्वेकडे वाहतात हे बोटांनी लवकर कळते, पण तो जादा लाभ. नकाशा करण्याचे कारण तो नाही.

ब्रेलबद्दल एक सूचना. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे असते. सहा टिंबांच्या रचनेतली बाराखडी शिकायला फार दिवस लागत नाहीत. ती शिकावी, पण बोटांनी वाचण्याचा हट्ट धरू नये. मुलाने लिहिलेले डोळ्यांनी वाचून तपासता आले, तर साध्या शाळेतील शिक्षकाचे बरेचसे काम भागते.

मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेत घालवण्यासाठी एकूण २० आठवडे असतात. हे काम त्याआधीच्या सत्रात ठेवावे, म्हणजे आंतरवासितेत त्याचा उपयोग होतो. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला धरून ते आखू नये. त्या आठवड्यात संस्था कार्यक्रमांत बुडालेल्या असतात आणि कामाला कोणालाच सवड नसते. पंधरवड्यातून एकदा तासभर बसून नोंदवह्या मोठ्याने वाचून घ्याव्यात. या बैठकीला दिव्यांग व्यक्तीला बोलवावे आणि तिला इतर कोणत्याही तज्ज्ञ व्याख्यात्याप्रमाणे मानधन व प्रवासखर्च द्यावा. शाल आणि नारळ देऊन मानधन टाळण्याची आपली जुनी खोड आहे.

गुण देताना छायाचित्रांची संख्या पाहू नये. छायाचित्रे मागूच नयेत हे उत्तम. नोंदवही आणि बदललेली टाचणे शेजारी ठेवावीत, आणि नोंदीतील किती गोष्टी टाचणात पोहोचल्या ते पाहावे. एखादा छात्राध्यापक प्रामाणिकपणे लिहितो की त्याला सुरुवातीला किळस आली किंवा भीती वाटली. त्याचे गुण कापले तर पुढच्या वर्षी सगळ्यांना पहिल्या दिवसापासून प्रेरणा मिळू लागेल.

आणि एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत निसटते. तुमच्या छात्राध्यापकांतच काही जण दिव्यांग असतील. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा आणि शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण २०१६च्या कायद्यानेच ठेवले आहे, दिव्यांग शिक्षक नेमण्याची अपेक्षाही त्याच कायद्यात आहे. कुबड्या घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या मानसशास्त्राच्या तासाला चढणारी छात्राध्यापिका आपल्याच महाविद्यालयात असताना समावेशन शिकायला बस ठरवून दुसऱ्या गावी जाणे विसंगत आहे. व्हीलचेअरसाठीच्या उतरणीला एक फूट उंचीमागे किमान बारा फूट लांबी लागते. पहिल्या आठवड्याचे काम म्हणून सर्व छात्राध्यापकांनी मोजपट्टी घेऊन आपल्याच इमारतीची प्रवेशद्वारे, उतरणी आणि स्वच्छतागृहे मोजावीत, आणि तो अहवाल प्राचार्यांकडे द्यावा. मानसशास्त्राचा तो तास तळमजल्यावर आणण्यासाठी मात्र मोजपट्टीचीही गरज नाही.

काम संपवताना

आपण कोणत्या तारखेपर्यंत येणार आहोत हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि शेवटच्या महिन्यात पुन्हा आठवण द्यावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा स्वमग्न व्यक्तींसाठी दिनदर्शिकेवर तो दिवस खूण करून ठेवावा. ‘पुन्हा नक्की येईन’ असे जाताना सहज म्हणू नये, कारण काही जण त्या वारी दाराशी बसून राहतात. ध्वनिमुद्रणे, अर्धवट अर्ज, लेखनिकांची यादी असे जे काही हाती असेल, ते पुढच्या तुकडीच्या छात्राध्यापकाला संस्थेच्या देखत सोपवावे, आणि निदान एकदा दोघांनी सोबत जावे.

अहवाल महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना द्यावा: अंध व्यक्तीला युनिकोड फाइल, कर्णबधिर व्यक्तीला सांकेतिक भाषा येणाऱ्याच्या मदतीने, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला छोट्या सोप्या वाक्यांत समजावून. नाव घालायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मजकुरात करून घ्याव्यात, आणि ज्या दुरुस्तीशी आपण सहमत नाही ती त्यांच्याच शब्दांत अहवालाच्या शेवटी जोडावी.